सुस्काऱ्यावर थांबणारी घोडी

घोड्याला ‘थांब’ कसं सांगायचं यावरून आमच्या घरात कडाक्याची भांडणं व्हायची. चेन्नईत, अण्णा नगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. खाली बस हॉर्न वाजवतायत, आणि वर आम्ही दोघं बहीण-भाऊ, चांगले कमावते, जेवणाच्या खुर्च्यांवर उलटे बसून पाठीच्या दांड्याला ओढणी बांधून लगाम धरलेला. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “अरे मोडाल ना त्या खुर्च्या! लग्नाची वयं झाली तुमची!” तिच्या ओरडण्यात दम नसायचा. हे वेड आम्हाला तिच्याच माहेराहून लागलं होतं.

आईचं माहेर साताऱ्याकडचं. मामाकडे कायम एखादी घोडी असायची, वरातीला भाड्यानं द्यायला. आईही लहानपणी परकर खोचून बिनखोगिराची बसायची म्हणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामानं आम्हालाही बसवलं. त्याची पद्धत सोपी. लगाम एकाच हातात. डावीकडे वळायचं तर तो मानेच्या उजव्या अंगाला नुसता टेकवायचा. निघायचं तर जीभ टाळूला लावून टकटक करायचं, थांबायचं तर लांब ‘होऽ’ म्हणायचं. लगाम ओढलेला त्याला बिलकूल खपायचा नाही. “तोंड तिचं हाय, तुझ्या बाचं न्हाई,” म्हणून माझ्या पाठीत धपाटा घातला होता त्यानं.

बाबा चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला, म्हणून आम्ही मद्रासी झालो. पुढं त्यांची बदली जबलपूरला झाली. तोवर मी बँकेत लागले होते आणि माझा धाकटा भाऊ गिंडीतल्या एका इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. दोन पोरांना उपाशी कसं ठेवायचं म्हणून आई आमच्यापाशी राहिली. खरं सांगायचं तर त्याच्यापाशी राहिली. मी आपली त्याच पातेल्यातला भात खात होते.

गिंडीपासून थोडं पुढं एक घोडेस्वारीचा क्लास होता. लाल मातीचं रिंगण, कडेला चिंचेची झाडं आणि पत्र्याचा तबेला. मालक तंजावरकडच्या जुन्या मराठी कुटुंबातले. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर हेलकावे खात यायची, आणि आमची ऐकून त्यांना हसू यायचं. शिकवायला होते घोडदळातून निवृत्त झालेले एक उस्ताद. उत्तरेकडचे, पांढऱ्या मिशांचे. फौजी हिंदीतून सगळ्या तमिळ पोरांना दम भरायचे, आणि पोरांना तो कळायचाही. माझा भाऊ दर रविवारी पहाटे मोटारसायकलवर तिकडे जायचा. कधी कधी मागच्या सीटवर मी.

उस्तादांची पद्धत मामाच्या अगदी उलटी. लगाम दोन्ही हातांत. उजवीकडे जायचं तर उजवा लगाम, डाव्या पोटरीचा दाब. निघायचं तर टाच. थांबायचं तर पाठ ताठ, लगाम ओढ, घोडा थांबताक्षणी ढिला सोड. जीभ वाजवली की ते खेकसायचे, “मुर्गी बुला रहे हो क्या?”

तिथले बरेचसे घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले, आणि त्यांना तिसरंच काहीतरी शिकवलेलं. शर्यतीचा घोडा लगाम ताणला की त्यावर भार टाकून आणखी जोरात पळतो. जॉकी लगाम ढिला सोडून उभा राहिला, की त्याला कळतं, संपलं. म्हणजे बघा, नवशिका घाबरून जिवाच्या आकांतानं लगाम ओढतोय, आणि घोड्याला वाटतंय, शाब्बास, पळ म्हणतोय! उस्ताद महिनोन्‌महिने घालवून त्यांच्या डोक्यातून हे काढायचे. बहुतेकांच्या निघायचं.

एका घोडीच्या काही निघेना. तपकिरी रंगाची, उंच, कपाळावर पांढरा ठिपका. लगामाला हात लावला की सुटलीच. उस्तादांनी हात टेकले होते, आणि माझ्या भावानं हट्टानं तीच मागून घेतली.

तिच्याशी काय केलं त्यानं, तर लगाम ओढायचाच नाही असं ठरवलं. चालता चालता तो लगाम मानेवर टाकून द्यायचा, अंग सैल सोडायचा आणि मोठ्ठा सुस्कारा टाकायचा. सगळी हवा बाहेर. घोडी बिचारी गोंधळून थांबली की खाली वाकून डाव्या रिकिबीपाशी गुळाचा खडा धरायचा. पावसाळा संपेपर्यंत ती त्याच्या नुसत्या श्वासावर थांबायला लागली. दुडक्या चालीत असली तरी. हा सुस्कारा टाकणार, ती जागच्या जागी उभी राहणार आणि मान डावीकडे वळवून त्याच्या बुटाकडे बघणार. रिंगणाबाहेर उभं राहिलं तर वाटायचं, हिला मनातलंच कळतंय.

मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. उस्तादांना मात्र हे अजिबात पसंत नव्हतं. “ये तुम्हारी बीवी नहीं है, कि इशारे में बात करो,” ते म्हणाले. भाऊ हसला. ते हसले नाहीत. म्हणाले, घोडा सगळ्यांना समजला पाहिजे आणि सगळे घोड्याला. फौजेत एकच शिकवण का असते माहितीये? स्वार पडतो. घोडा उरतो. त्यावर दुसरा स्वार चढतो आणि त्याला त्याच क्षणी त्या घोड्याला सांगता यायला हवं. भावानं मान डोलावली आणि पुढच्या रविवारी पुन्हा खिशात गूळ भरून गेला. तो गूळ आईच बांधून द्यायची.

शहरात पाण्याची बोंब होती ती वर्षं. दिवसभर रस्त्यांवरून पाण्याचे टँकर धावायचे, निम्मं पाणी सांडत. पूनमल्ली हाय रोडवर अशाच एका टँकरखाली माझा भाऊ गेला. वर्कशॉपमधून घरी येताना, भर दुपारी.

त्याबद्दल मी यापेक्षा जास्त लिहू शकत नाही. बाबा आले, दिवस झाले, बाबा जबलपूरला परत गेले. “चल माझ्याबरोबर,” ते आईला म्हणाले, तर ती म्हणाली, “इथलं कोण बघेल?” बघायला काय होतं? मी होते, गॅस होता, एक तुळस होती. आई गॅलरीत बसून राहायची आणि सुस्कारे टाकायची. एवढे मोठे, की शेजारच्या तमिळ मामी कठड्यावरून डोकावून “एन्नाच्चु? काय झालं?” विचारायच्या.

मग एक दिवस बँकेत मला उस्तादांचा फोन आला. “बेटा, ज़रा आ जाओ. घोड़ी बिगड़ गयी है.”

गेले तर तबेल्याच्या दारात कापलेली लिंबं, त्यांना कुंकू फासलेलं, कापराचा वास. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार घोडीपासून चार हात लांब उभे. एक जण हळूच म्हणाला, “पेय.” पेय म्हणजे भूत. झालं होतं असं की क्लासची मुलं तिच्यावर बसली की ती रिंगणाच्या मधेच, काही कारण नसताना, खाडकन थांबायची. थांबायची आणि मान वळवून डाव्या रिकिबीकडे बघत राहायची. तिथं कुणीतरी उभं असल्यासारखी. मग पोर घाबरून लगाम ओढायचं आणि घोडी भरधाव. एका मुलीला तिनं असं रिंगणभर फिरवलं होतं. पोरगी वाचली, पण तिच्या वडिलांनी मालकांना फाडून खाल्लं. मोतद्दारांचं म्हणणं, अण्णन येतो. अण्णन म्हणजे माझा भाऊ.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माझ्या भावाला भूत म्हणतात! मी तरातरा जाऊन खोगिरावर चढले. टाच मारली, ती निघाली, नीट, शहाण्यासारखी. चिंचेखालून गेलो, वळलो. सकाळची कोवळी उन्हं होती आणि तो नव्हता. माझ्याही नकळत छातीतून श्वास सुटला. घोडी थांबली. मान वळवून माझ्या डाव्या पायाकडे बघायला लागली, आणि तिच्या डोळ्यात मला माझाच बूट दिसला.

अंगावर सर्रकन काटा आला. कारण कळलं होतं तरी आला. पोरं घाबरून श्वास धरतात, मग सोडतात, आणि ती त्याला प्रतिसाद देते. तो तिला जे सांगून गेला होता तेच ती करत होती. त्यात भूत कुठलं?

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. मूर्खासारखं सांगितलं, म्हणजे मोतद्दारांना शिव्या देत, “भूतबित काही नाही गं, श्वासाची सवय लावलीये त्यानं” असं. आईनं त्यातलं तिला हवं तेवढंच ऐकलं. “म्हणजे तिला अजून कळतो तो,” ती म्हणाली. आणि कित्येक दिवसांनी उठून तिनं स्वतःसाठी चहा टाकला.

पुढच्या रविवारी ती माझा पंजाबी ड्रेस घालून तयार. उस्ताद चकित झाले, पण “आइये माताजी” म्हणून रिकीब धरली. आई चढली ती बघून मलाच आश्चर्य वाटलं. शरीर विसरत नाही. घोडी चालू लागली, आईनं सुस्कारा टाकला, घोडी थांबली. आईनं वाकून गूळ दिला. आणि माझ्याकडे बघून, लहान मुलीनं लपलेला गडी शोधून काढावा तशा आनंदानं म्हणाली, “आहे गं! इथं आहे!”

त्या दिवसापासून रविवार सुरू झाले. सोमवारी ती पुढच्या रविवारचा गूळ फोडायची. बाबांचा फोन आला की “रविवारी भेटून आले” म्हणायची. कुणाला ते सांगायची नाही. बाबा मला विचारायचे, कुणाला गं? मी म्हणायचे, मैत्रिणीला. घरात हळूहळू त्याच्याबद्दल वर्तमानकाळात बोललं जायला लागलं. तो आज थकल्यासारखा वाटला. आज त्यानं पटकन ओळखलं. मला आमच्याच फ्लॅटची भीती वाटायला लागली. दिवसाढवळ्या, दारं-खिडक्या उघड्या असताना. मीसुद्धा श्वास जपून सोडायला लागले. हसाल तुम्ही, पण बँकेत कॅश मोजता मोजता माझ्याकडून सुस्कारा निघाला की मी डावीकडे बघायचे.

तिकडे मालकांनी एके दिवशी मला बाजूला घेतलं. फार सभ्य माणूस. त्यांच्या त्या जुन्या, हेलकावणाऱ्या मराठीत त्यांनी सांगितलं की उन्हाळ्याच्या सुट्टीची मुलं येताहेत, ही घोडी त्यांच्यासाठी तयार झाली तर ठीक, नाहीतर मरीना बीचवरचा एक घोडेवाला तिला न्यायला तयार आहे. मरीनावरचे घोडे मी बघितले आहेत. काटेरी लगाम, उन्हात दिवसभर पोरांच्या फेऱ्या. तिथं कुणी लगाम खेचला की ही गर्दीतून सुटणार, आणि मग हिला ते कसं आवरतील ते सांगायला नको.

उस्ताद म्हणाले, “लगाम का मैं सिखा दूँगा. साँस का तुम निकालो.” कारण त्यांनी स्वतः करून बघितलं होतं. त्यांच्या तुटक, फौजी श्वासाला ती दाद देत नव्हती. तिला तो लांब, सैल सुटलेला श्वासच कळत होता, आणि तो आमच्या घरचा.

मग मी रोज बँकेच्या आधी जायला लागले. काम साधं आणि घाणेरडं. तिच्यावर बसायचं, सुस्कारा टाकायचा, ती थांबायला लागली की लगेच टाच मारायची. गूळ नाही. पुन्हा सुस्कारा, पुन्हा टाच. श्वासाला काही अर्थ नाही, अगं वेडे, श्वास म्हणजे नुसती हवा, हे तिला पटवायचं. पहिल्या दिवशी तिनं थांबून बुटाकडे बघितलं आणि मी टाच मारली, तेव्हा तिचे कान असे मागे पडले की मला तिथंच उतरून पळून जावंसं वाटलं. त्यानं शिकवलेलं मी पुसत होते. एकेक श्वास पुसत होते. तरी केलं. आठवडाभरात ती माझ्या सुस्काऱ्यावर नुसती कान हलवून पुढं जायला लागली.

आणि रविवारी आई बसली, सुस्कारली, गूळ दिला. सगळं मुसळ केरात.

हे असं दोनतीनदा झाल्यावर माझा स्फोट झाला, मी आईवर ओरडले. गॅलरीत, शेजारच्या मामींच्या देखत. म्हटलं, “तू तिला मरीनावर पाठवणार आहेस! तुझ्या या रविवारांपायी ती मार खाऊन मरणार आहे!” तिला हे काहीच माहीत नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे तू रोज सकाळी जाऊन हे करत होतीस?”

“हो.”

“तिनं त्याला विसरावं म्हणून?”

मी म्हटलं, “ती जगावी म्हणून.”

ती उठून आत गेली. जेवायला वाढलं तेही ताट सरकवून. रविवार आला, ती उठली नाही. मला वाटलं सुटले. त्यानंतर मधल्याच कुठल्या तरी दिवशी पहाटे मी बूट चढवत होते तर ती पंजाबी ड्रेस घालून दारात उभी. हातात गुळाची पुडी नव्हती.

“तुझ्या खोट्या सुस्काऱ्यांनी काय होणारे?” ती म्हणाली. “मला बसव.”

मी म्हटलं, “आई, नको. तुला जमायचं नाही.”

“मला बसव म्हणते ना!”

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. गिंडीला कामगार उतरले, त्यांच्या डब्यांचा सांबाराचा वास मागे राहिला. आईनं खिडकीबाहेर बघत विचारलं, “मारावं लागतं का तिला?” मी म्हटलं, नाही, चाबूक नुसता जमिनीवर आपटायचा. ती “बरं” म्हणाली.

उस्तादांना मी सांगितलं, त्यांनी आईकडे एकदा बघितलं आणि लांब दोरी आणून दिली. ही दोरी घोडीच्या तोंडावरच्या पट्ट्याला, मोहरकीला, अडकवायची, शिकवणाऱ्यानं रिंगणाच्या मधोमध उभं राहायचं आणि घोडी भोवती गोल फिरत राहते. स्वारानं फक्त बसायचं. आई चढली. मी मधे उभी राहिले, डाव्या हातात दोरी, उजव्या हातात चाबूक. जीभ वाजवली. उस्ताद कुंपणाशी होते, पण मुर्गीबिर्गी काही म्हणाले नाहीत.

घोडी चालायला लागली. आई नुसती बसून राहिली. मग तिनं सुस्कारा टाकला, तिचा तो गॅलरीतला, पोटातून आलेला. घोडी उभी. मान डावीकडे.

मी चाबूक मातीत आपटला. घोडी दचकली. आईही.

“टाच मार,” मी म्हटलं.

आईनं मारली. ती चालली. पुन्हा सुस्कारा, पुन्हा थांबली, पुन्हा चाबूक. ऊन चढायला लागलं. आईची बोटं खोगिराच्या पुढच्या कडेवर आवळलेली, आणि प्रत्येक वेळी घोडीनं मान वळवली की तिचा उजवा हात आपोआप कमरेकडे, पुडीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मला वाटलं पुरे झालं आता. उस्तादांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, चालू दे.

मग घोडी थांबायला कचरायला लागली. श्वासावर एक पाऊल अडखळायची, कान मागे घ्यायची, पुढं जायची. तेव्हा आई बोलायला लागली. माझ्याशी नाही, घोडीच्या मानेशी. “थांब ना गं. एकदा थांब. शेवटचं.” आणि असं म्हणत म्हणतच ती टाच मारत होती. सांगितलं होतं तश्शी, नेमकी, पोटरीमागे.

आणि मग तिला रडू फुटलं.

हुंदके देत, तोंड उघडं टाकून, ओरडून ओरडून रडायला लागली ती. प्रत्येक हुंदक्याबरोबर सगळी हवा बाहेर. घोडी चमकली. एवढे सुस्कारे तिनं एका वेळी कधी ऐकले नव्हते. तिची पावलं आखूड झाली, मान डावीकडे वळायला लागली. मोतद्दार धावत आले आणि कुंपणाशी थबकले. मला दोरी टाकून धावायचं होतं. आईला धरून खाली घ्यायचं होतं, मातीत बसून तिचं डोकं मांडीवर घ्यायचं होतं. पण मी एक पाऊल पुढं टाकलं असतं तर घोडी थांबली असती. नेमकी आईच्या रडण्यावर थांबली असती, आणि मग तिला कुणी कधीच काही शिकवू शकलं नसतं.

आईला ते माझ्याआधी कळलं. हुंदक्यांतून ती माझ्यावर खेकसली, “माझ्याकडे काय बघतेस? तिला चालव!”

मी चाबूक आपटला. घोडीनं मान सरळ केली आणि चालू लागली. आई तिच्या पाठीवर मोठमोठ्यांदा रडत होती, आणि घोडी न थांबता माझ्याभोवती फिरत होती. मी जीभ वाजवत राहिले आणि दोघींना चालवत राहिले.